कांताचा वाटा

ब्रह्मपुरीत नागभीड रोडला असलेल्या वृद्धाश्रमात हर्षा खोब्रागडेकडे दोन कामं होती. सकाळी सगळ्यांच्या गोळ्या वाटायच्या आणि दुपारी सगळ्यांना कशात तरी गुंतवायचं. दुसरं काम जास्त कठीण. सोमवारी कॅरम, बुधवारी वाती वळणं, शुक्रवारी भजन, आणि महिन्यातून एकदा जवळपास कुठंतरी सहल. बावीस जणांपैकी कुणाला हे आवडायचं, कुणी नुसतंच येऊन बसायचं. बायनाबाई नैताम मात्र कशातच येत नसत.

बायनाबाई दिवाळीच्या सुमारास आल्या होत्या. जंगलाच्या कडेच्या एका लहान गावातून त्यांच्या मुलानं, कोलूनं, त्यांना आणून सोडलं होतं. फाइलमध्ये एवढंच होतं: वय अंदाजे सत्तर, मुलाचा फोन नंबर, आणि आजाराच्या रकान्यात ‘विसरभोळेपणा’. कोलू ब्रह्मपुरीतच एका राईस मिलवर हमाली करायचा. सुरुवातीला तो दर रविवारी यायचा. तो गेला की बायनाबाई तासन्‌तास छाती बडवून रडत. संक्रांतीनंतर त्यानं येणंच सोडलं.

“सगळ्यांचं असंच असते,” अधीक्षिका अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “दोन महिने येतात, मग बंद. आन् हा तर येऊन मायले रडवूनच जात होता. नाई आला तं बरंच.”

हर्षालाही तसंच वाटलं होतं.

मार्च संपता संपता आवारातल्या कडुनिंबाची बारीक फुलं गळायला लागली. एका सकाळी हर्षानं पाहिलं, बायनाबाई झाडाखाली उकिडव्या बसून ती फुलं एकेक करून पदरात टाकत होत्या. दोन्ही हात सारखे चालत होते. इतक्या महिन्यांत त्यांना कुठल्या कामात एवढं रमलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

“काय येचता, माय?” तिनं विचारलं.

“मोहा.”

“हा मोहा नाई ना, माय. कडुनिंब आहे.”

बायनाबाईंनी ओंजळीतली फुलं नाकाशी नेली, थोडा वेळ धरली आणि पदर झटकून टाकला. मग त्या भिंतीला टेकून गप्प बसून राहिल्या. हर्षाला ते फार लागलं. त्याच दिवशी तिनं त्या महिन्याची सहल ठरवली.

आश्रमाला तांदूळ पुरवणाऱ्या हरिदासभाऊंचं शेत सहा किलोमीटरवर होतं. शेताच्या कडेला धुऱ्यावर मोहाची दोन झाडं, आणि सगळीकडे कापणी झालेल्या धानाच्या मोकळ्या बांध्या. नजर जाईल तिथवर जंगल नव्हतं. काळजीचं काहीच नव्हतं. नियमाप्रमाणे हर्षानं घरच्यांना फोन करून परवानगी घेतली.

“शेतावर नेऊन राह्यलो सगळ्यांना,” ती कोलूला म्हणाली. “सकाळी जाऊ, दहाच्या आत परत.”

“न्या, मॅडम,” तो म्हणाला. “थोडी बाहेरची हवा तं भेटन तिले.”

मोहाचं ती बोलली नाही. तो विषयच निघाला नाही.

काळी-पिवळी जीप उजाडताना निघाली. सात जण होते. पायरीवर सगळ्यांना हात देऊन चढवायचं काम वामनरावांनी अंगावर घेतलं. ते निवृत्त शिक्षक, स्वतः काठी टेकत चालणारे. शेतात उतरल्याबरोबर मोहाचा तो गोड, जड वास आला आणि बायनाबाई थांबल्या. मग कुणाचाही हात न धरता धुऱ्याकडे चालू लागल्या.

त्यांनी एक फांदी मोडून घेतली आणि झाडाखालचा पाचोळा बाजूला लोटला. ओलसर, पिवळट फुलांचा सडा पडला होता. त्या बसल्या आणि वेचायला लागल्या. हात इतके भरभर चालत होते की बाकीचे बघतच राहिले. वामनरावांनी सोबत आणलेल्या खुर्चीतूनच वाकून चार फुलं उचलून दिली, तर त्यातली दोन बायनाबाईंनी फेकून दिली. “कालची हायेत. सडली,” त्या म्हणाल्या. सगळे हसले. त्याही हसल्या. हर्षानं मोबाइलवर फोटो काढला.

तासाभरात हर्षानं दिलेली टोपली भरली. बायनाबाईंनी ती फडक्यावर उपडी केली आणि फुलांचे दोन ढीग केले. एका ढिगातलं थोडं काढून दुसऱ्यात घातलं, मग दोन्हीकडे पाहून पुन्हा सारखे केले.

“हा दुसरा कोणाचा, माय?”

“कांताचा.”

“कांता कोण?”

“माही सून.” त्यांनी पलीकडच्या झाडाकडे हात केला. “ते त्या झाडाखाली हाय. येते आता.”

त्या झाडाखाली कुणीच नव्हतं. हर्षाला वाटलं, जुनं काहीतरी आठवलं असेल. म्हाताऱ्या माणसांचं होतं तसं. तिनं विषय वाढवला नाही. नऊ वाजले, ऊन चढलं, ड्रायव्हरनं जीप वळवून ठेवली. बाकीचे बसले. बायनाबाई उठेनात.

“कांताले सोडून कशी येऊ?” त्या म्हणाल्या. “तिचं लेकरू हाय घरी.”

हर्षानं समजावलं, पाणी दिलं, दंड धरून उठवायचा प्रयत्न केला. बायनाबाईंनी तिचा हात झिडकारला आणि धुऱ्यावर उभ्या राहून हाका मारायला लागल्या. “कांता. ओ कांता.” मोकळ्या बांध्यांवरून आवाज दूरवर जात होता. प्रत्येक हाकेनंतर त्या थांबून कान देत.

शेवटी हर्षानं कोलूला फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

“मोहाच्या झाडाखाली नेलं तुम्ही तिले?” त्यानं विचारलं.

“हो.”

“मी येतो. तिले एकटी सोडू नोका.”

हर्षानं बाकीच्यांना जीपनं परत पाठवलं आणि ती बायनाबाईंजवळ बसून राहिली. पाऊण तासानं कोलू कुणाची तरी मोटरसायकल घेऊन आला. अंगावर मिलचा कोंडा तसाच होता. गाडी लावून तो झाडाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेवर थांबला. पुढं जाईना. हर्षा उठून त्याच्याकडे गेली.

“मागच्या सालच्या मोहाच्या दिवसांत दोघी सोबत येचाले गेल्या होत्या,” तो खाली पाहत म्हणाला. “आमची झाडं जंगलात हायेत. माय एका झाडाखाली, कांता पलीकडच्या. कांता वाकून येचत होती. वाघानं मागून धरलं. मायनं पाह्यलं सगळं. गावात धावत येऊन तिनंच सांगतलं.”

हर्षानं वळून बायनाबाईंकडे पाहिलं.

“मग पावसाळ्यात ते इसरली. वाघ इसरली, माती देली ते इसरली. कांता पलीकडच्या झाडाखाली हाय, येवढंच तिच्या ध्यानात राह्यलं. रोज पहाटे टोपली घेऊन तिले आनाले जंगलात जाये. मी कामावर, पोरगी होस्टेलच्या शाळेत. कोन राखनार तिले? म्हनून तुमच्याकडे आनली.”

“तुम्ही कधी बोलला नाही, कोलूभाऊ.”

“कोनी इचारलं नाई.” हे तो रागानं म्हणाला नाही. “मी रविवारी यायचो तवा हेच इचारे. कांता कुठी हाय? मी खरं सांगो. मायसंग खोटं कसं बोलू? आन् दर टायमाले ते पह्यल्यांदा आयकल्यावानी रडे. तिचं रडनं पाहून मले बी आजच घडल्यावानी होये. नाई सहन झालं, मॅडम. येनंच सोडलं मी.”

बायनाबाईंनी त्याला पाहिलं होतं. “कोलू,” त्यांनी हाक मारली. “कांता येऊन नाई राह्यली. तू पाय बरं.”

कोलू जवळ गेला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं दोन्ही ढीग पाहिले. हर्षाला वाटलं, आता तो सांगेल आणि बायनाबाई इथंच, या झाडाखाली, ते पुन्हा ऐकतील. तिनं मान फिरवली.

“ते गेली, यायो,” तो म्हणाला. घरी तो आईला गोंडीत यायोच म्हणायचा. “पुढं गेली घरी. भात मांडाले.”

“सांगून तं जाव ना मानसानं,” बायनाबाई कुरकुरल्या. “घसा कोरडा झाला हाका मारून.”

“घाईत होती.”

“बरं.” त्यांनी एक ढीग फडक्यात बांधला आणि गाठोडं त्याच्या हातात दिलं. “हे तिचं तिले देजो. वाळवाले टाक म्हना आजच.”

कोलूनं ते घेतलं. वर्षभर त्यानं मोहाला हात लावला नव्हता, हे त्यानं हर्षाला नंतर सांगितलं. गाठोडं छातीशी धरून तो थोडा वेळ तसाच बसला. मग आईला उठवून मोटरसायकलवर मधे बसवलं, मागे हर्षा बसली आणि तिघं आश्रमात आले.

त्या संध्याकाळी हर्षानं फाइलमध्ये कांताबद्दल सगळं लिहून ठेवलं आणि अन्नपूर्णाबाईंना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मोबाइलमधला तो हसतानाचा फोटो हर्षानं कुणालाच दाखवला नाही.

पुढच्या रविवारी कोलू आला. मग दर रविवारी यायला लागला. बायनाबाई विचारत आणि तो काहीतरी सांगे. कांता धानाच्या रोवण्याला गेली. कांता माहेरी गेली, भावाचं लग्न आहे. कांताचे पाय दुखतात, म्हणून आली नाही. बायनाबाई ऐकून घेत, कधी तिला रागवत, कधी तिच्यासाठी राखून ठेवलेलं केळं त्याच्याजवळ देत. त्यांचं रडणं थांबलं.

“बरं झालं ना, भाऊ?” हर्षानं एकदा त्याला फाटकापाशी विचारलं.

“तिचं बरं झालं,” तो म्हणाला. “सांगतानी मले बी घडीभर खरंच वाटते. मग घरी जाऊन कुलूप खोलतो.”

पोळ्याच्या चार दिवस आधी बायनाबाईंना ताप आला आणि दोन दिवसांत त्या गेल्या. कोलूनं त्यांना गावी नेलं. हर्षा आणि वामनराव एसटीनं गेले. गावाबाहेर, कांताच्या बाजूलाच, त्यांना माती दिली. कोलूची मुलगी दीपाली, सहावीत शिकणारी, बापाचा हात धरून उभी होती आणि मातीच्या दोन्ही ढिगांकडे आळीपाळीनं पाहत होती.

परतीच्या गाडीसाठी कोलू दोघांना रस्त्यापर्यंत सोडायला आला.

“आता रविवारी काय करू, मॅडम?” त्यानं विचारलं.

“आश्रमात येत जा,” वामनराव म्हणाले. “माझ्याकडे कोणी येत नाही. आपण कॅरम खेळू.”

कोलूनं मान डोलावली. तेवढ्यात एसटी आली.

पुढचे कितीतरी रविवार वामनराव दुपारी फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसत. कोलू आला नाही. हर्षानं त्याला फोन करायचं दोनदा मनात आणलं, आणि केला नाही.