दहा आणि दोन

ग्लेनिस थॅकरे काही वाईट बाई नव्हती. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं, कोर्टाची पायरी कधी चढली नाही. पण ज्युरीसाठी मतदारयादीतून नाव निघालं की सुटका नसते. खटल्याचा निकाल देणाऱ्या बाराजणांत बसायचं पत्र आलं आणि ती अकरा अनोळखी माणसांच्या शेजारी जाऊन बसली.

खटला डेक्लन ऑर्म्सबी या तेवीस वर्षांच्या पोराचा. एका म्हाताऱ्याला ढकलून त्याची पिशवी पळवल्याचा आरोप. पाहणारा एकच, तोही रस्त्यापलीकडच्या खिडकीतून, भर पावसात. जज्जसाहेबांनी बजावलं होतं, खात्री असेल तरच दोषी म्हणा, ‘बहुतेक तोच असेल’ एवढ्यानं भागणार नाही. ग्लेनिसची खात्री नव्हती.

शुक्रवारी दुपारपर्यंत बाराजणांचं एकमत होईना. तेव्हा जज्जसाहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, आता दहाजणांचं जुळलं तरी चालेल. दोषी म्हणणारे नऊ होते. नाही म्हणणारे तिघं: ग्लेनिस, नेव्हिल नावाचे निवृत्त बस ड्रायव्हर आणि कॉलेजातली एक मुलगी.

“म्हणजे एकच हवा,” ज्युरीचा म्होरक्या पेव्हरेल घड्याळाकडे बघत म्हणाला. “नाहीतर सोमवारी या परत सगळे. निदान बिस्किटं तरी बरी ठेवा म्हणावं.”

“ग्लेनिसबाई, तो पोरगा काय देवमाणूस वाटतो तुम्हाला?” शेजारी बसलेला गवंडी म्हणाला. “तोंड बघितलंत त्याचं?”

“तोंडावरून काय कळतंय,” नेव्हिल म्हणाले. “माझं तोंड बघितलं असतं तर बसमध्ये कोणी चढलंच नसतं.”

सगळे हसले. ग्लेनिसही हसली. पण तिच्या डोक्यात सोमवार घोळत होता. सोमवारपासून मेबलथॉर्पच्या समुद्रकाठी बहिणीबरोबर सुट्टीसाठी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, भाड्यानं घेतलेली होती, सहा महिने आधी ठरवून. एवढंच कारण, दुसरं काही नाही. सांगायलाही लाज वाटावी असं.

“बरं बाबा,” ती म्हणाली. “धरा मला तुमच्यात.”

नेव्हिल चष्मा पुसत बसले. खोलीत मात्र कोट चढवायची गडबड सुरू झाली.

कोर्टात कारकुनानं विचारलं, दोषी की निर्दोष. पेव्हरेल म्हणाला, दोषी. मग रीतीप्रमाणे पुढचा प्रश्न आला, किती सहमत आणि किती नाहीत.

“दहा सहमत, दोन नाहीत.”

आरोपीच्या पिंजऱ्यात काचेमागे उभ्या डेक्लननं मान खाली घातली. ग्लेनिसनं आपल्या बुटांकडे बघितलं.

बसस्टॉपवर ती उभी होती, तेवढ्यात सुपरमार्केटचा गणवेश घातलेली एक बाई जवळ आली. पाच दिवस प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसणारी, डेक्लनची आई.

“तुम्ही त्या दोघांतल्या ना?” ती हळूच म्हणाली. “साक्षीदार बोलत होता तेव्हा तुम्ही मान हलवत होतात. मी बघितलं.”

ज्युरीच्या खोलीतलं बाहेर बोललात तर तुरुंगात जाल, हे रोज सकाळी ऐकवलं जायचं.

“मला काही बोलता येत नाही,” ग्लेनिस म्हणाली. “कायदा आहे.”

शब्द न् शब्द खरा होता.

“नका बोलू, मला कळलं,” त्या बाईनं तिचा हात दाबला. “त्याला भेटले की सांगेन, तुझं ऐकणारी दोन माणसं होती म्हणून. एक तर मी डोळ्यांनी बघितली.”

बस आली. ती बाई मागे सरकली आणि म्हणाली, “तुम्ही चढा आधी.”

ग्लेनिस चढली.

सोमवारी कॅरॅव्हॅनच्या दारात चहा पिताना बहिणीनं विचारलं, “काय गं, झालं काय त्या खटल्याचं?”

“बोलता येत नाही,” ग्लेनिस म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच तिला एखाद्या कायद्याचा आधार वाटला होता, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.