रेडा आणि डांबरतोंड्या

नगरपालिकेच्या सभांचं टिपण घ्यायचं काम गेली सव्वीस वर्षं एकाच बाईंकडे होतं. सगळे त्यांना टिपणीसबाईच म्हणत. लघुलिपीत त्या शब्द न शब्द, हातवाऱ्यांसकट, उतरवून घेत, पण इतिवृत्त टाइप करताना शिव्या गाळत. सभेत माणसं हातघाईवर आली तरी कागदावर 'सविस्तर चर्चा झाली' एवढंच उमटे. आपल्या हातून कुणाची अब्रू जाऊ नये, असं त्यांना वाटे.

एका मंगळवारी रस्ते विभागाचे अभियंते आणि पाणी विभागाचे अभियंते असे दोघे सभेत भिडले. नवा डांबरी रस्ता आठव्या दिवशीच नळासाठी खणला गेला होता. बोलता बोलता रस्तेवाले उठले, कपाळावर दोन बोटांची शिंगं धरली आणि म्हणाले, "या रेड्यापुढे काय डोकं फोडायचं."

पाणीवाल्यांनी त्याच दुपारी पोलिसांत तक्रार दिली. कामावर असलेल्या अधिकाऱ्याचा शब्दाने किंवा हावभावाने अपमान करणं हा गुन्हाच होता. सिद्ध झाला तर सहा महिने कैद, आणि नोकरीवरही पाणी.

सभेतल्या बाकीच्यांना अचानक काही आठवेना. एक जण म्हणे खिडकीबाहेर बघत होता, दुसऱ्याला नेमकी शिंक आली होती. साक्षीला उरल्या टिपणीसबाई आणि त्यांची वही.

आधी रस्तेवाले येऊन गेले. "बाई, इतक्या वह्यांत एखादी गहाळ होते हो."

मग पाणीवाले आले. "ताई, मला काय म्हटलं तेवढंच वाचा. त्याच्या आधीचं राहू द्या."

कारण त्याच्या आधी पाणीवाल्यांनी अंगठा नाचवून 'अरे डांबरतोंड्या' म्हटलेलं वहीत होतं. बाईंनी दोघांनाही एकच उत्तर दिलं. "वहीत आहे ते आहे."

पण पंचाईत वेगळीच होती. बाईंच्या तोंडून जन्मात अपशब्द गेला नव्हता. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात त्यांनी सराव करायचं ठरवलं. नवरा स्टुलावर न्यायाधीश होऊन बसला. बाई "या रे... या रे..." करत अडकल्या.

मटार सोलणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, रेडा नुसता म्हणायचाय, घरात बांधायचा नाही."

"माझ्याकडे बघून म्हण," नवरा म्हणाला, "सोपं जाईल."

बाईंना हसू फुटलं आणि हसता हसता शब्द सुटला.

"अजून मोठ्याने," सासूबाई म्हणाल्या. "कोर्टात पंखे फार आवाज करतात."

कोर्टात न्यायाधीश मॅडम वयाने लहान, पण नजर धारदार होती. बाईंनी अंगठ्यापासून शिंगांपर्यंतचं सगळं पान, किराण्याची यादी वाचावी तशा सपाट आवाजात वाचलं.

"हावभाव नेमके कसे होते?" मॅडमनी विचारलं. "करून दाखवा."

बाईंनी चष्मा सावरला. आधी अंगठा नाचवला, मग कपाळावर शिंगं धरली. पन्नाशी उलटलेली, इस्त्रीच्या साडीतली बाई तसं करताना पाहून कुणी हसलं नाही. दोन्ही अभियंत्यांच्या माना मात्र खाली गेल्या.

"म्हणजे तक्रार करणारेही याच कलमात बसतात," मॅडम म्हणाल्या. "दुपारपर्यंत दोघांनी विचार करा."

बाहेर व्हरांड्यात बाक एकच होतं. बाई एका टोकाला बसल्या, मग नाइलाजाने ते दोघेही येऊन बसले. पाणीवाले म्हणाले, "सुरुवात माझी होती, हे मी खरंच विसरलो होतो."

"मला शिंगं आठवत होती," रस्तेवाले म्हणाले. "उलट मजाच वाटत होती. आज बाईंना ती करावी लागली, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलो मी."

"मीही."

दुपारी दोघांनी एकमेकांची लेखी माफी मागितली, तक्रार मागे घेतली गेली. निघताना मॅडमनी बाईंना विचारलं, "हे इतिवृत्तात का नव्हतं?"

"मी गाळते, मॅडम. वाटायचं, कागदावर आलं नाही की अब्रू राहते."

"राहते का?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "नाही. पुढच्या सभेत पुन्हा तेच बोलतात."

पुढच्या सभेच्या सुरुवातीलाच बाई उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. "आजपासून मी काही गाळणार नाही," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. नगराध्यक्षांनी घसा खाकरला. त्या दिवशी कुणाचा आवाज चढला नाही. खोदकामाच्या तारखा दोन्ही अभियंत्यांनी एकाच नकाशावर वाकून ठरवल्या. एरवी तीन तास चालणारी सभा सव्वा तासात आटोपली.

बाई बाहेर पडल्या तेव्हा चांगलं ऊन होतं. घरी जायची घाई नव्हती. त्यांनी कोपऱ्यावरून शेंगदाण्याची पुडी घेतली आणि नदीकाठच्या लांबच्या वाटेने, एकेक दाणा तोंडात टाकत, निवांत चालत राहिल्या.