टेकडीवरचं डांबर

इग्नेशियाच्या घराकडे जाणाऱ्या चढावर सरकारनं डांबर टाकलं, त्या दिवसापासून माझ्या भावाची झोप उडाली.

भाऊ म्हणजे एव्हरार्ड जोआकिम, आमच्या बेटाचा विरोधी पक्षनेता. पंतप्रधान एखाद्या शाळेचं उद्घाटन करतात तेव्हा मागच्या रांगेत एक खुर्ची मिळते, एवढाच त्या पदाचा मान. गेल्या निवडणुकीत आमचे तिघेच निवडून आले: तो, इग्नेशिया आणि कथबर्ट. इग्नेशिया तर पक्ष निघाला तेव्हापासूनची, कर्णा डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडलेली.

"इस्पितळाच्या रस्त्यासाठी ओरडून घसा बसला माझा," एव्हरार्ड बाजारात माझ्या मासळीच्या गाळ्यावर येऊन म्हणाला. "चमचाभर डांबर मिळालं नाही. आणि हिच्या चार शेळ्यांसाठी रोलर? पाणी कुठंतरी मुरतंय, ताई."

"मग विचार ना तिला! तोंड शिवलंय का तुझं?"

"चोर कधी कबूल करतो होय?"

मग त्यानं पाळतच ठेवली. एका मयताला ती बांधकाममंत्र्याशेजारी बसली. चर्चमध्ये तेवढीच जागा रिकामी होती, मी डोळ्यांनी पाहिलं. पण सांगते कुणाला! दरवर्षीसारखं तिनं आपल्या झाडाचं ब्रेडफ्रूट, म्हणजे नीरफणस, भाजून पाठवलं, तर हा म्हणे, "तूच खा."

"विष घातलंय का तिनं?" मी चिडले.

"तसं नाही गं," म्हणाला, पण घास घेतला नाही. मी खाऱ्या मासळीबरोबर सगळं फस्त केलं आणि धडधाकट राहिले.

पुढच्या शनिवारी बाजाराच्या पायऱ्यांवर सभा झाली. पक्षाची पिवळी टोपी घालून इग्नेशिया मंचावर बसली होती. एव्हरार्ड माइकवर गरजला, "आपल्यातच कुणीतरी विकलं गेलंय! कुणाच्या दारात डांबर चमकतंय ते बघा!" शिट्ट्या वाजल्या. सगळ्यात जोरात टाळ्या कथबर्टच्या. इग्नेशियानं टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि घरी निघून गेली.

अधिवेशन सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी कथबर्ट उठून समोर सरकारी बाकावर जाऊन बसला. मंत्रिपद मिळालं त्याला. त्याच्या दारात कधी खडीसुद्धा पडली नव्हती. ज्याला खरंच विकत घेतलंय, त्याची दवंडी कोण पिटेल? डांबर टाकलं होतं ते आम्ही इग्नेशियावर संशय घ्यावा म्हणून, आणि आम्ही बरोबर त्यात पाय रुतवून बसलो.

आता विरोधात दोघंच उरले. नेता कोण, असं गव्हर्नर-जनरलांनी दोघांनाही विचारलं. इग्नेशियानं स्वतःचं नाव पुढं केलं तर एव्हरार्डची सगळी उमर पाण्यात जाणार होती. मी त्याला ओढतच टेकडीवर नेलं.

इग्नेशिया व्हरांड्यात तुरीच्या शेंगा सोलत होती. बसा म्हणाली नाही.

"माझं चुकलं," एव्हरार्ड म्हणाला.

"सकाळीच फोन केलाय मी गव्हर्नरसाहेबांना. तुझंच नाव सांगितलं." तिनं शेंगांवरून नजर उचलली नाही. "आपण दोघंही भांडत बसलो तर पक्षाला कुत्रं विचारणार नाही. पण एव्हरार्ड, या घराची पायरी पुन्हा चढायची नाही. तू येत जा गं, अडेला."

उतरताना तो खाली मान घालून चालत होता. मला वाटलं, रडतोय. म्हातारपणी असलं माणूस गमावलं यानं. मी त्याचा हात धरला.

वळणावर तो थांबला. मागं वळून घराकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "ताई, तिनं खरंच माझंच नाव सांगितलं असेल का गं?"

मी त्याचा हात सोडला. सख्ख्या भावाची अशी लाज मला कधी वाटली नव्हती.