उल्केची आंघोळ

"पृथ्वी जन्मली, तेव्हाची वस्तू आज या घरात आहे," चुंबककाकांनी संग्रहालयाच्या बाईंना सांगितलं. काकूंनी ती वस्तू दोन बोटांनी उचलली, खालची बशी काढून घेतली आणि पृथ्वीच्या वयाचा तो ऐवज जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला.

काकांची हयात स्प्रिंगांच्या कारखान्यात, भट्टीवर गेलेली. निवृत्तीनंतर माणसं देवाच्या नाहीतर सुनेच्या मागे लागतात. काका काठीला चुंबक बांधून गावामागच्या माळाच्या मागे लागले. आधी खिळे आले, सायकलची साखळी आली. मग एके दिवशी अंगठ्यानं दाबल्यासारखे खळगे असलेला, आकाराच्या मानानं भलताच जड तुकडा चुंबकाला चिकटला. पाठोपाठ त्याची भावंडं सापडली. जावयानं या खजिन्याला सगळ्या नातेवाइकांत एकच नाव दिलं होतं: सासऱ्यांचं भंगार.

बाईंनी सगळं समजावलं होतं. फार पूर्वी एक छोटा ग्रह आतून वितळला, जड लोखंड त्याच्या पोटात उतरलं आणि लाखो वर्षं इतक्या संथपणे निवत गेलं, की आत आडव्यातिडव्या पट्ट्यांची वीण तयार झाली. पुढे टकरीत ग्रह फुटला आणि पोटातले तुकडे भटकत भटकत माळावर येऊन पडले. ती वीण पृथ्वीवरच्या कुठल्याही भट्टीला जमत नाही. ती दिसली, की तुकडा संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात, आणि खाली काकांचं नाव. जावयाला ते कपाट दाखवायला न्यायचं, हे काकांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मागच्या खेपेला नेलेल्या एका तुकड्याची चकती कापून, आरशासारखी घासून बाईंनी आज आणली होती. आधी त्यांनी औषधात भिजवलेला कापूस तिच्यावर फिरवला. कापूस गुलाबी झाला.

"निकेल आहे. साध्या लोखंडात ते नसतं. आकाशातलंच आहे, काका."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू भांडी घासत होत्या, पण नळ बंद होता.

मग बाईंनी खिडकी उघडली आणि पातळ केलेलं ॲसिड ब्रशनं चकतीवर लावलं. वीण उमटायची ती आता. काकांना खोकला आला, तो त्यांनी गिळला. चकतीची चकाकी गेली, ती करडी पडली, सगळीकडे सारखीच, ढगाळ आभाळासारखी. बाईंनी दुसरा हात फिरवला. मग तिसरा. मग भिंग काढलं आणि बराच वेळ ते डोळ्यापासून हलवलं नाही.

"काका, हे तुकडे तापवले होते का कधी?"

"तापवले म्हणजे... साफ केले," काका म्हणाले. "तुम्ही पहिल्यांदा येणार होतात म्हणून. जुन्या दोस्ताच्या भट्टीत दुपारभर लालबुंद ठेवले, पाण्यात बुडवले. गंज पोपडे धरून झडला."

"सगळे?"

"पंक्तिभेद कसा करायचा?"

बाईंनी भिंग मिटलं. भट्टीत आतली वीण विरघळून गेली, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. तसं कपाटात लावता येणार नाही.

"परत येते का ती?"

"पुन्हा लाखो वर्षं निवू दिलं तर."

"मी भट्टीवर बसलो असतो," काका म्हणाले, "पण रजा मिळायची नाही."

साफ कशाला केले, असं बाईंनी विचारलं, तेव्हा मोरीपाशी काकूंचा हात थांबला. फरशीवर गंजाचे डाग पडतात म्हणून काकूंनी महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं.

"सवय," काका म्हणाले. "गंजकं काम हातावेगळं केलं नाही मी कधी."

बाई चकती पुसत राहिल्या. फेकून देण्यासारखी नाही ही, म्हणाल्या. उष्णतेनं काय होतं, ते विद्यार्थ्यांना दाखवायला खणात ठेवता येईल. सोबत चिठ्ठी लागेल. कुणी शोधलं, कुणी तापवलं. नाव घालू का?

काकांनी मान हलवली. नको.

काकू पदराला हात पुसत पुढे आल्या आणि चकतीशेजारी उभ्या राहिल्या.

"घाला नाव," त्या बाईंना म्हणाल्या. "फक्त चिठ्ठी जरा मोठी घ्या. दोघांचं मावायला हवं."