बोटीवरून उठून जाता येत नाही

मॉनिटर हे नाव तिला शाळेत पडलं आणि पन्नाशी उलटली तरी सुटलं नाही. ते सुटावं म्हणून तिने कधी काही केलंही नाही. तिचं स्वतःचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे वाकवून झाले की संध्याकाळी ती मैत्रिणींच्या संसाराकडे वळायची.

तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणी दोनच. एक चिमणी. शाळेत एवढीशी होती म्हणून चिमणी. आता औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली की मागचं कपाट दिसायचं नाही. दुसरी बाईसाहेब. तिचं पडद्यांचं आणि सोफ्याच्या कापडांचं दुकान होतं. भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती अशी बघायची की बिचारं गिऱ्हाईकच माफी मागून दोन मीटर जास्त घेऊन जायचं.

या दोघी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण होतं चिमणीच्या घरचा सोफा. बाईसाहेबांनी त्याला नवं कापड लावून दिलं होतं, हिरवट रंगाचं. त्यावर चिमणी काहीतरी बोलली, ते बाईसाहेबांच्या कानावर गेलं. मग बाईसाहेब काहीतरी बोलल्या, ते चिमणीच्या कानावर गेलं. तेव्हापासून रस्त्यात समोरासमोर आल्या तरी एकीला अचानक चपलेचा पट्टा नीट करायचा असायचा आणि दुसरीला आभाळ बघायचं असायचं.

मॉनिटरची मात्र या सगळ्यात फार ओढाताण झाली, असं ती स्वतः सांगायची. दोन वाढदिवस, दोन सहली, आणि एकच सिनेमा दोनदा बघायचा, तोही दुसऱ्या वेळी नवाच असल्यासारखा. शेवटी तिने ठरवलं, आता बास.

"हॉटेलात बसवलं तर एक उठून जाईल," ती नवऱ्याला म्हणाली. "घरी बोलावलं तर दुसरीला फाटकातच काम आठवेल. बोटीवरून मात्र कुणाला उठून जाता येत नाही."

"दोघींना पोहता येतं का?" नवऱ्याने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

तिने एक बोट अख्ख्या दिवसासाठी ठरवली. लहानशी, पांढरी, वर कापडी छत, आत दोन बाकांची केबिन आणि गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागेल असं स्वच्छतागृह. दोघींनाही तिने वेगवेगळं सांगितलं, "आपण दोघीच जाऊ गं. किती दिवस निवांत बोललो नाही." दोघीही खूश झाल्या.

चिमणी आधी आली. तिला मॉनिटरने आत केबिनमध्ये बसवून उन्हाचं मलम लावायला सांगितलं. थोड्या वेळाने मोठी टोपी आणि काळा चष्मा घालून बाईसाहेब धक्क्यावरून आल्या. त्यांचा दुसरा पाय बोटीत पडतो न पडतो तोच मॉनिटरने कॅप्टनला खूण केली. कॅप्टन म्हणजे पांढऱ्या मिशांचा, पोट सुटलेला एक गृहस्थ. त्याने दोर सोडला, इंजिन घरघरलं, आणि चिमणी अर्ध्या तोंडाला पांढरं मलम फासलेल्या अवस्थेत बाहेर आली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघींनी धक्क्याकडे पाहिलं. धक्का लांब गेला होता.

"हा काय चावटपणा आहे?" बाईसाहेबांनी मॉनिटरला विचारलं.

"बसा दोघी," मॉनिटर म्हणाली. "संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

दोघी बसल्या, पण एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. मध्ये मॉनिटर. पहिला तासभर कुणी चकार शब्द काढला नाही. समुद्र सुंदर होता, दूरवर दीपगृह दिसत होतं, आणि ते सगळं मॉनिटर एकटीच बोलून दाखवत होती.

मग चिमणी म्हणाली, "तिला सांग, तिची पिशवी माझ्या पायात येतेय."

"बाईसाहेब, तुझी पिशवी तिच्या पायात येतेय."

"तिला सांग, तिचे पायच सगळीकडे येतायत."

मॉनिटरने तेही सांगितलं. निदान बोलणं सुरू झालंय, असं मनाशी म्हणत ती जरा सैलावून बसली. मध्ये बसायची तिला सवय होती. सुकाणू धरलेला कॅप्टन समोर बघत होता, पण त्याचा एक कान मागे वळला होता हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

किनारा दिसेनासा झाला तशा लाटा वाढल्या. बाईसाहेबांची टोपी आधी पुढे झुकली, मग चष्मा निघाला, आणि खालचा चेहरा चुन्यासारखा पांढरा होता. त्यांनी कठडा घट्ट धरला. चिमणीने ते पाहिलं. क्षणभर ती आभाळ बघत राहिली, पण दुकानात तीस वर्षं काढलेल्या बाईला समोर आजारी माणूस दिसत असताना फार वेळ आभाळ बघता येत नाही. तिने पर्समधून एक पाकीट काढलं.

"तिला सांग, ही जिभेखाली ठेव म्हणावं. गिळू नकोस म्हणावं."

मॉनिटरने गोळी पुढे केली. बाईसाहेबांनी डोळे मिटूनच विचारलं, "तिला विचार, तारीख उलटून गेलेली नाही ना?"

मॉनिटरने तोंड उघडलं, पण तिची गरज पडली नाही. चिमणी उभीच राहिली. "माझ्या दुकानात तारीख उलटलेली एक गोळी सापडली ना, तर त्या दिवशी शटर खाली ओढेन मी!"

"आणि माझ्या दुकानातून हॉस्पिटलसारखा सोफा बाहेर पडला तर मीही ओढेन!" बाईसाहेब डोळे उघडून म्हणाल्या.

"हॉस्पिटल? कोण म्हणालं हॉस्पिटल?"

"तू म्हणालीस! सोफ्यावर बसलं की पेशंटला भेटायला आल्यासारखं वाटतं म्हणालीस."

चिमणी मटकन खाली बसली. "अगं बाई, मी म्हणाले सासूबाईंना हॉस्पिटलची आठवण येते. त्या नर्स होत्या ना! त्यांच्या पहिल्या वॉर्डच्या भिंती त्या रंगाच्या होत्या. रोज दुपारी जाऊन त्या सोफ्यावरच झोपतात. दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. पाहुणे आले की आम्ही खुर्च्या आणतो."

इंजिनाची घरघर थांबली. बोट नुसतीच डुलायला लागली.

"इंजिन का बंद केलंत?" मॉनिटरने विचारलं.

"नीट ऐकू येत नव्हतं," कॅप्टन म्हणाला.

बाईसाहेबांचा चेहरा आता पांढऱ्याचा लाल झाला होता. गोळीने की आणखी कशाने, सांगता येत नव्हतं. "मग तू मला सरळ फोन का नाही केलास?"

"तू काय म्हणालीस ते ऐकल्यावर करणार होते होय! चिमणीला शोभेल असं कापड अजून विणलं गेलेलं नाही, हेच म्हणालीस ना?"

"शोभेल नाही गं, पुरेल! तुझ्या घरी ती मुलं, तो कुत्रा, येणारे-जाणारे. त्या सगळ्यांना पुरून उरेल असं कापड अजून विणलं गेलेलं नाही, असं म्हणाले होते मी. कौतुकाने म्हणाले होते!"

"शोभेल आणि पुरेल यात फरक आहे," कॅप्टनने मत दिलं.

"आहेच की," चिमणी म्हणाली. मग तिने बाईसाहेबांना विचारलं, "तुला हॉस्पिटलचं कुणी सांगितलं?"

"तुला शोभेलचं कुणी सांगितलं?"

दोघींनी एकदमच मान वळवली. कॅप्टननेही वळवली.

मॉनिटरला अंगावर ऊन एकाएकी जास्त लागायला लागलं. "मी आपलं थोडक्यात सांगितलं," ती म्हणाली. "सगळं शब्दन् शब्द कुणाच्या लक्षात राहतं का?"

ती उठली. दोन पावलांवर कठडा होता आणि कठड्यापलीकडे पाणी. ती वळून स्वच्छतागृहात गेली, पण आत भट्टी पेटल्यासारखं गरम होतं आणि दाराची कडी लागत नव्हती. बाहेर येऊन ती केबिनच्या बाजूने धरत धरत बोटीच्या पुढच्या टोकाला गेली आणि दोरांच्या वेटोळ्याशेजारी फतकल मारून बसली. याहून लांब जायला जागाच नव्हती.

मागून आधी रडणं ऐकू आलं, मग नाक शिंकरणं, मग हसणं. दोन वर्षांचं साचलेलं हसणं होतं ते, संपता संपेना. मॉनिटर समुद्राकडे बघत बसली. खोटं आपण बोललो नव्हतो, हे तिने स्वतःला समजावलं. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असेल. पण तिला हेही आठवलं की त्या दिवशी सोफ्याचं सांगताना बाईसाहेबांचा चेहरा पडला, त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "तू होतीस म्हणून कळलं गं." तो हात तिला बरा वाटला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात चिमणीनेही तसाच धरला. शाळेत या दोघी एका बाकावर बसायच्या आणि ती पुढे फळ्याजवळ उभी असायची, बडबड करणाऱ्यांची नावं लिहीत. गेली दोन वर्षं मात्र दोघींचंही तिच्यावाचून पान हललं नव्हतं. आणि समेटाची घाई तिलाच झाली होती! हे सगळं तिने स्वतःच्या हाताने, आगाऊ बुकिंग करून, घडवून आणलं होतं.

कॅप्टन नांगर टाकायला पुढे आला. "ताई, जरा पाय उचला." तिने उचलले. साखळी खडखडत पाण्यात गेली. "मिटलं की त्यांचं."

"हो."

"मग तुम्ही इथे का?"

"हवा खातेय."

"हवा तिकडेही हीच आहे," कॅप्टन म्हणाला आणि मागे गेला.

जेवणाचा डबा मॉनिटरनेच आणला होता. सँडविच, उकडलेली अंडी, संत्री, थर्मासमध्ये कॉफी. तिघींच्या आवडीनिवडी तिच्याइतक्या कुणाला ठाऊक नव्हत्या. आता डबा त्या दोघींजवळ होता आणि भूक मॉनिटरजवळ.

"तिला जेवायला बोलव," बाईसाहेबांचा आवाज आला.

"तूच बोलव. मी बोलत नाहीये तिच्याशी."

"मी तरी कुठे बोलतेय? कॅप्टन, तिला सांगा, इतकी वर्षं आमचं डोकं खाऊन पोट भरलं नसेल तर सँडविच खायला ये म्हणावं. आणि वर हेही सांगा, की..."

पुढचं बरंच काही वाऱ्यावर गेलं. कॅप्टन पुन्हा आला, अर्धं अंडं तोंडात घेऊन. "त्या बऱ्याच काही बोलल्या," तो म्हणाला. "मुद्दा सँडविचचा आहे."

ती गेली. दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. तिच्यासाठी समोरचा बाक होता. तिने सँडविच घेतलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "थोडक्यात सांगायला नको होतं."

"थोडक्यात?" चिमणीने डोळे वटारले.

"बरं, वाढवून."

चिमणीला हसू आवरलं नाही. ती चिडायचीही भडाभडा आणि विसरायचीही. बाईसाहेब मात्र हसल्या नाहीत. संत्र्याची साल त्या एकसंध काढत होत्या.

"तो रंग मी स्वतः निवडला होता," त्या म्हणाल्या. "कारखान्यात उभी राहून, समोर रंगवून घेतला. तू सांगितलंस त्या दिवसापासून तो तागा मी कुणाला दाखवला नाही. मला वाटलं, आपली नजर गेली. गिऱ्हाईक आलं की मी म्हणायचे, पांढरा घ्या, पांढरा कुठेही चालतो. दोन वर्षं मी लोकांना पांढरा विकतेय."

कुणाच्याही कुठल्याही दुखण्यावर काहीतरी सांगणारी ती बाई गप्प बसून राहिली, आणि चिमणीचंही हसू मावळलं. कॅप्टनने कॉफी संपवली, पेला समुद्राच्या पाण्यात विसळला, नांगर ओढून घेतला आणि इंजिन चालू केलं.

परतताना दोघी कठड्याला टेकून इतकं बोलल्या की दीपगृह केव्हा मागे पडलं त्यांना कळलं नाही. धक्क्यावर उतरल्यावर दोघी चिमणीच्या गाडीत बसल्या. मॉनिटर आपल्या गाडीत बसली. घरी नवऱ्याने विचारलं, "मिटलं?"

"मिटलं."

"वा! म्हणजे बेत फत्ते. मग चेहरा का असा?"

"ऊन लागलं," ती म्हणाली, आणि आत जाऊन आंघोळ करून झोपली.

चिमणी आठवडाभराने बोलायला लागली. म्हणजे फोन करून आधी पाच मिनिटं खरपूस बोलली, आणि सहाव्या मिनिटाला रविवारी जेवायला बोलावलं. बाईसाहेबांना वेळ लागला. हवा थंड झाली, लोक स्वेटर घालायला लागले, तरी त्यांचा फोन आला नाही. आला तो क्लिनिकच्या नंबरवर. त्यांचा उजवा हात वर जात नव्हता. कात्री धरून धरून खांदा आखडला होता. नाव नोंदवणाऱ्या मुलीला त्यांनी ओळख दिली ती "पेशंट" अशीच.

मॉनिटरने त्यांना पलंगावर झोपवलं, खांद्याखाली उशी ठेवली आणि कामाला लागली.

"काहीतरी बोल ना," बाईसाहेब दात आवळून म्हणाल्या. "दुखतंय फार."

मॉनिटर बोलायला गेली आणि थांबली. डोक्यात जे जे म्हणून आलं, ते सगळं दुसऱ्या कुणाचं तरी होतं. चिमणीच्या धाकट्याचं, समोरच्या डॉक्टरांचं, वरच्या मजल्यावरच्या घटस्फोटाचं. स्वतःचं असं सांगण्यासारखं काय आहे, ते तिने शोधायला सुरुवात केली. वेळ लागला.

"आमच्या मोरीचा नळ गळतो," ती शेवटी म्हणाली.

"हं."

"प्लंबर दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा म्हणाला वायसर गेलाय, दुसऱ्यांदा म्हणाला नळच गेलाय."

"मग?"

"मग काही नाही. खाली बादली ठेवलीय. ती भरली की झाडांना घालते."

ती नळाबद्दल बोलत राहिली, मग बादलीबद्दल, मग झाडांबद्दल. खांदा हळूहळू सैल होत गेला. खिडकीतल्या झाडांचं सांगून संपलं तेव्हा तिने खाली वाकून पाहिलं. बाईसाहेबांना चक्क झोप लागली होती. पुढचा पेशंट बाहेर येऊन बसला होता, पण मॉनिटरने त्यांना उठवलं नाही.