तक्रार कुठे करायची

ग्लेंडा कॅनडातल्या सडबरीच्या एका वृद्धाश्रमात मनोरंजन उपचारक होती, म्हणजे म्हाताऱ्यांचे खेळ, गाणी वगैरे घेणारी. नर्सना परवाने देणारी, तक्रारी ऐकणारी परिषद आहे, फिजिओथेरपिस्टना आहे, मग आम्हालाच का नाही, म्हणून ती अकरा वर्षं सरकारदरबारी अर्ज करत होती. "उद्या आमच्यातलं कुणी चुकलं, तर त्याला जाब कोण विचारणार?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

मंगळवारी बिंगोत म्हातारा ऑर्व्हिल जिंकला. बक्षीस नेहमीचंच, बटर टार्ट नावाची लोणी-साखरेची छोटी पेस्ट्री. त्याला गिळायला त्रास होतो, फक्त बारीक वाटलेलंच खायला द्या, असा कागद आदल्याच दिवशी त्याच्या पलंगावर लागला होता. ग्लेंडाने तो बघितलाच नव्हता. टार्ट घशात अडकला आणि ऑर्व्हिल सगळ्यांदेखत गेला.

आश्रमाने 'अपघात' लिहून हात झटकले. मग ऑर्व्हिलची मुलगी नोरीन आली.

"मला तुमच्यावर तक्रार करायचीय, बाई. आश्रमावर नाही, तुमच्यावर. कुठे करू?"

याचं उत्तर ग्लेंडाइतकं कुणालाच पाठ नव्हतं.

"कुठेच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्ही उद्यापासून परत कामावर?"

"हो."

पुढच्या मंगळवारी बिंगो वेळेवर सुरू झाला. आकडे ग्लेंडानेच पुकारले.