साडेपाच गुण

अनुजा तांडेल गुण देण्यात महाकंजूस, हे सगळ्या तारकर्लीला ठाऊक होतं. एका मराठी क्रीडा संकेतस्थळासाठी ती दर रविवारी रग्बीचा सामना बघायची, खेळाडूंना दहापैकी गुण द्यायची आणि प्रत्येकीपुढे एक ओळ लिहायची. ओळ कसली, चिमटाच. 'पाच. पळाली खूप, पोचली कुठेच नाही.' 'चार. चेंडूशी ओळख झाली नाही.' तिच्याकडून आठ मिळाले की खेळाडू ते कौतुकाने आईला दाखवत. कुणी रडलं, कुणी शिव्या घातल्या, पण तिने कधी अर्धा गुण इकडचा तिकडे केला नव्हता. गुडघा गेल्यावर रग्बीतलं तेवढंच तिच्याकडे उरलं होतं, लोकांचा विश्वास.

त्या रविवारी मात्र सामना सुरू होण्याआधीच तिच्या पोटात दुखायला लागलं होतं. ऑस्ट्रेलियातून समीक्षाचा निरोप आला होता.

"अक्का, क्लब दोन वर्सांचो करार देता हा. उद्या तुमच्या बारापर्यंत हो की नाय ता सांगूचा आसा. आई म्हणता, परत ये. माकाच कळणा नाय, मी हयच्या लायकीची आसंय की नाय. हय सगळी गोडच बोलतत. तू आजची म्याच बघ नि गुण घाल. सात पडले तर सही करतंय. कमी पडले तर गुपचूप घराक येतंय."

ही समीक्षा म्हणजे अनुजाच्याच हाताखाली तयार झालेली पोर. तेराव्या वर्षी ती किनाऱ्यावर आली, तेव्हा अनुजाने तिला पहिले दोन महिने नुसतं वाळूत पडायला शिकवलं होतं. पडायची भीती गेली की पाडायला येतं, हे अनुजाचं शास्त्र. आता ती पोर तीन महिन्यांच्या चाचणीवर तिकडे खेळत होती, आणि खेळत होती ती अनुजाच्याच जागेवर, फ्लँकर म्हणून. समोरचीला दिवसभर पाडत राहायचं आणि नाव मात्र दुसरीचं व्हायचं, अशी ती जागा.

अनुजाही एकदा अशीच परदेशी खेळायला निघाली होती. संघात नाव होतं, बॅग भरली होती, आणि विमानाला चार दिवस असताना सरावात गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं. पासपोर्ट अजून कपाटात होता. त्यावर एकही शिक्का नव्हता आणि आता तर त्याची मुदतही संपली होती.

साडेदहाला सामना सुरू झाला. पहिल्या दहा मिनिटांतच अनुजाला कळून चुकलं की पोर भन्नाट खेळते आहे. तिच्या दीडपट वजनाच्या बाया तिने पाडल्या. पडली की टुणकन उठून पुढच्या टॅकलला हजर. अनुजा कागदावर रेघा मारत गेली. ऐंशी मिनिटांत एकोणीस झाल्या. एका सामन्यात एकोणीस टॅकल अनुजाने स्वतः उभ्या जन्मात केले नव्हते. तिला आनंद व्हायला हवा होता, पण अंगाचा तिळपापड झाला. वाळू आपण तुडवली, घसा आपण फोडला, आणि विमानात बसली ती.

मग तिने सामना पुन्हा लावला. या खेपेला चुका शोधायला.

चहाचा कप घेऊन वडील शेजारी येऊन बसले. त्यांना सगळं गाव भाई म्हणे, अनुजाही. भाई रापणीचे म्होरके. भलंमोठं जाळं समुद्रात टाकून किनाऱ्यावरून चाळीस माणसं ते दोरीने ओढतात, आणि कोण खरं ओढतो नि कोण नुसता लटकतो हे भाई लांबून सांगत. सामना बघतानाही त्यांची नजर चेंडूवर नसे, बाकीच्यांवर असे.

एकसष्टाव्या मिनिटाला समोरची एक खेळाडू मोकळ्या जागेतून सुसाट पळाली आणि रेषेपलीकडे चेंडू टेकवून तिने ट्राय केला. त्याच पाच गुणांनी समीक्षाचा क्लब हरला होता. अनुजाने चित्र थांबवलं.

"ही जागा समीक्षाची," ती म्हणाली. "गॅप तिना सोडल्यान."

भाई पुढे वाकले. "ती खाली दबली हा मा? आत्ताच एकीक पाडल्यान, वर तिघीजणी पडल्यो. मगे थंय उभी कोण आसूक व्हयी?"

"भाई, तुमका रग्बी कळणा नाय."

"नाय कळणा," भाई म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

अनुजाला सगळं दिसलं होतं. शेजारची खेळाडू वेळेत सरकली नव्हती, चूक तिची होती. तरीही तिने त्या ट्रायचा दोष समीक्षाच्या नावावर टाकला. मग पुढे लिहिलं, 'साडेपाच. मेहनती आहे. मोठ्या सामन्याला अजून तयार नाही.' वाक्य छान जमलं होतं. तिने ते धाडून दिलं आणि घटाघटा पाणी प्यायली.

संध्याकाळी सहाला गुण छापून आले आणि अर्ध्या तासात समीक्षाची आई, सुभद्राकाकी, दारात हजर. हातात डबाभर गुळाचा खाजा.

"बरा केलंस गो बाय! माजा चेडू, माजी लेक, आता परत येतला. माजा ऐकणा नाय, तुजा ऐकता." तिने अनुजाच्या गालावरून हात फिरवला. "तू खरा बोलतंस म्हणान."

अनुजाने डबा घेतला आणि न उघडताच फळीवर ठेवून दिला.

फोनवर समीक्षाचं एवढंच आलं होतं: "बरा, अक्का. तू म्हणतंस म्हणजे तसाच आसतला."

सकाळी भाईंची रापण लागली. रात्र तळमळत काढलेली अनुजा किनाऱ्यावर गेली आणि इतरांबरोबर दोरीला लागली. थोड्या वेळाने भाई ओळीच्या कडेने चालत आले आणि तिच्यापाशी थांबले. आता लोकांदेखत ओरडणार, लटकतंस म्हणणार, असं तिला वाटलं. तिचे हात खरंच ढिले पडले होते.

भाईंनी फक्त विचारलं, "ता सुभद्राचा चेडू खाली दबलेला होता, ता लिवलंस मा?"

अनुजाने दोरी सोडली. साडेनऊ वाजले होते. लंगडत लंगडत ती माडांखाली गेली आणि फोन लावला.

"समीक्षा, नाय म्हणान कळवलंस?"

"आताच लिवतंय."

"लिव नको. कालचे गुण खोटे. नऊ होते."

"नऊ?"

"एकसष्टाव्या मिनटाक तू खाली दबलेली होतंस, ता माका दिसला होता. तरी तुज्यार घातलंय."

"कित्याक, अक्का?"

"जळलंय म्हणान. माका जावचा होता थंय. तू गेलंस."



"मगे आजपर्यंतचे? शाळेत असताना दिलंस ते?"

"ते खरे होते."

"ता आता मी कसा समजू?"

"माज्यार विश्वास ठेव नको," अनुजा म्हणाली. "एकोणीस टॅकलची मिनटा लिवलेली आसत. कागद धाडतंय. तूच बघ नि तूच ठरव."

फोन कट झाला. अनुजाने कागदाचा फोटो पाठवला. मग संकेतस्थळाला लिहिलं, 'समीक्षाचे गुण नऊ. कालचे साडेपाच मी जाणूनबुजून कमी दिले होते. चूक खेळाडूची नाही, माझी.' आता आपल्या गुणांना गावात कुत्रं विचारणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सुभद्राकाकी तर या वाटेला फिरकणारही नव्हती. तरी तिने ते पाठवलं.

बारा वाजले. काही आलं नाही. एक वाजला. जाळं ओढून झालं, मासळीचे ढीग लागले, बाया टोपल्या भरू लागल्या.

दोनच्या सुमारास फोन वाजला. कराराच्या शेवटच्या पानाचा फोटो होता, खाली समीक्षाची सही. ती बघून पोटात पुन्हा कळ आलीच, खोटं कशाला बोला. फोटोखाली एक ओळ होती. अक्का नाही, काही नाही. अनुजाच्याच पद्धतीने लिहिलेली ओळ.

'अनुजा तांडेल: चार. सोपा टॅकल सोडला. शेवटच्या मिनिटाला उठली.'

अनुजाने ती ओळ तीनदा वाचली. सवयच होती तिला दुसऱ्याच्या गुणांत खोट काढायची. त्या चारात मात्र तिला एकही सापडली नाही.